सूत्रग्राही

मुलानें बापाचा व्यवसाय पुढें चालवावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्या वाचकांच्या घरांत दर पिढीस एकदां तरी निघतो. आणि निघाला म्हणजे माजघरापासून ओसरीपर्यंत सर्वांस त्यावर कांहीं ना कांहीं बोलावयाचें असतें. आजोबा म्हणतात, चालत आलेलें मोडूं नये. नातू म्हणतो, मला माझें पाहूं द्या. बाप बिचारा दोघांच्या मध्यें गप्प, कारण त्यानें स्वतः आजोबांचें कितपत ऐकलें होतें हें त्याचें त्यास ठाऊक असतें! या सदरांत आम्ही हा विषय आजवर टाळीत आलों, कारण त्यावर उपदेश करणें फार सोपें आहे. परंतु मागील महिन्यांत मणिबेलीस जाण्याचा योग आला, आणि नर्मदेच्या कांठीं या प्रश्नाचें एक निराळेंच रूप आम्हांस दिसलें. तें सांगण्यापूर्वीं थोडें शास्त्र सांगावें लागेल. वाचकांनीं कंटाळा करूं नये.

शिल्पशास्त्रावरील 'मयमत' नांवाच्या संस्कृत ग्रंथांत वास्तु उभारणाऱ्या कारागिरांचे चार वर्ग सांगितले आहेत : स्थपति, सूत्रग्राही, तक्षक आणि वर्धकि. स्थपति हा सर्वांचा मुख्य, कल्पना त्याची. तक्षक दगडलांकूड तासतो, वर्धकि तासलेले भाग जोडून काम वाढवितो. या दोघांच्या व स्थपतीच्या मध्यें उभा असतो तो सूत्रग्राही. मापाची दोरी हातांत धरावयाची, आणि स्थपतीच्या मनांतील आकृति जमिनीवर, दगडावर तंतोतंत उतरवावयाची, हें त्याचें काम. हा सूत्रग्राही कोण असावा? ग्रंथकार म्हणतो, स्थपतीचा शिष्य असावा अथवा पुत्र असावा. त्यांतील 'अथवा' आम्हांस मोठा अर्थपूर्ण वाटतो. नुसतें पुत्रत्व पुरेसें असतें तर शिष्याचें नांव घेण्याचें कारण नव्हतें. आणि शिष्यच सर्वस्वी पुरता तर पुत्राचें नांव आलें नसतें. आपला 'सुतार' हा शब्दही याच सूत्रापासून, म्हणजे 'सूत्रधार' या शब्दापासून निघाला आहे. काव लावलेली दोरी ताणून लांकडावर तिचा फटका मारणारा सुतार ज्यांनीं लहानपणीं पाहिला असेल, त्यांस ही व्युत्पत्ति निराळी पटवावी लागणार नाहीं.

धुळ्याजवळ गोंदूर म्हणून गांव आहे. तेथील एका गरीब सुताराच्या घरीं १९ फेब्रुवारी १९२५ रोजीं राम वनजी सुतार यांचा जन्म झाला. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं वेगळा निघाला. तोंवर हें गोंदूर आणि आमचें मणिबेली हीं दोन्ही एकाच धुळे जिल्ह्यांतलीं गांवें होतीं, एक सपाटीवरचें, दुसरें सातपुड्याच्या कुशींत, नर्मदेच्या दक्षिण तीरावरचें. बापाचा हात लांकडावर चालत असे. मुलाचा मातीवर चालूं लागला. मुलाचें हें वेगळेपण ओळखलें तें श्रीराम कृष्ण जोशी या शिक्षकांनीं, आणि त्यांच्याच प्रोत्साहनानें सुतार मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत गेले. (आम्ही जन्मभर मास्तरकी केली, म्हणून हें नांव येथें मुद्दाम संपूर्ण लिहिलें. मोठ्या माणसाच्या चरित्रांत मास्तराचें नांव बहुधा एका ओळींत आटोपतात.) शाळेंत त्यांनीं शिल्पकामासाठीं मेयो पदक मिळविलें, तें १९५३ सालीं. पुढें १९५४ पासून चार वर्षें ते पुरातत्त्व खात्यांत होते, आणि अजिंठा-वेरूळच्या भग्न शिल्पांची दुरुस्ती करीत होते. तुटलेल्या मूर्तीचा हात जोडावयाचा म्हणजे बाराशें वर्षांपूर्वींच्या कारागिराच्या दोरीचें दुसरें टोंक आपल्या हातांत घ्यावयाचें. याहून चांगली पाठशाळा कोणती असेल, आम्हांस ठाऊक नाहीं. त्यानंतर दिल्लीस सरकारी नोकरी, आणि १९५९ मध्यें ती नोकरी सोडून स्वतंत्र व्यवसाय. सरकारी नोकरी सोडणें म्हणजे घरांत काय वादळ असतें, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको.

त्यांचें पहिलें थोर काम एका धरणावर आहे. मध्य प्रदेशांत चंबळा नदीवरील गांधीसागर धरणाजवळ त्यांनीं पंचेचाळीस फूट उंचीची चंबळामाता उभारली; शेजारीं दोन बालकें, तीं मध्य प्रदेश आणि राजस्थान. ही मूर्ति सांच्यांत ओतलेली नव्हे. काँक्रीटचा एक अखंड ठोकळा उभा करून तो छिन्नीनें कोरून काढलेला आहे, जसें वेरूळचें कैलास डोंगरांतून कोरलें तसें. तें काम पाहून पंडित नेहरूंनीं भाक्रा धरण बांधणाऱ्या मजुरांचें पन्नास फुटी कांशाचें स्मारक करण्याचें मनांत आणलें. परंतु पैशाअभावीं तें राहून गेलें. पुढाऱ्यांचे पुतळे या देशांत पैशाअभावीं राहिल्याचें आम्हीं फारसें ऐकलेलें नाहीं.

आतां पुत्र. अनिल सुतार यांनीं बापाच्या कामशाळेंतच बसून राहण्याऐवजीं दिल्लीस आणि पुढें अमेरिकेंत वास्तुविद्येचें शिक्षण घेतलें, आणि मग परत येऊन ते बापाच्या शेजारीं उभे राहिले. नोएडा येथें कामशाळा आणि साहिबाबादेस ओतकामाचा कारखाना, असा त्यांचा संसार. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. गोंदूरच्या सुताराचा मुलगा सुतार झाला नाहीं, शिल्पकार झाला. शिल्पकाराचा मुलगा केवळ शिल्पकार राहिला नाहीं, वास्तुविद् झाला. तीन पिढ्यांत तीन विद्या. आणि तरीही दोरी तीच.

ती तीच कशी, हें मणिबेलीहून खालीं उतरलें म्हणजे दिसतें. मणिबेलीच्या खालच्या अंगास सरदार सरोवराचें धरण. त्या धरणाच्याही खालीं सुमारें सव्वातीन किलोमीटरांवर साधू बेट, आणि त्यावर वल्लभभाई पटेल यांचा १८२ मीटर उंचीचा पुतळा. त्याचें अनावरण ३१ ऑक्टोबर १९१८ चें नव्हे, तर बरोबर शंभर वर्षांनंतरचें, २०१८ चें. आकडा इतका सहज चुकण्याजोगा आहे म्हणून सांगितलें. राम सुतारांनीं केलेला पटेलांचा एक पुतळा अहमदाबादच्या विमानतळावर होता. देशांतले निरनिराळे पुतळे पाहून तोच आदर्श म्हणून निवडण्यांत आला. प्रथम अगदीं लहान नमुना, मग वाढवीत वाढवीत तीस फुटी, आणि त्यावरून यंत्रानें मापें घेऊन हा महाकाय पुतळा. तीस फुटांवरून १८२ मीटर म्हणजे सुमारें वीस पट. नमुन्यांत पापणी एक बोट चुकली तर बेटावर ती वीस बोटें चुकणार! दोरी धरणाराचें महत्त्व येथें कळतें.

शिवाय घाट अवघड. उंच इमारत खालीं रुंद आणि वर निमुळती असावी, हें पोरासही समजतें. येथें उलट आहे. धोतर नेसलेला, पायांत चपला घातलेला, पाऊल पुढें टाकणारा म्हातारा माणूस. तो खांद्यांशीं रुंद आणि पायांशीं अरुंद. दोन पायांत मोकळें अंतर, त्यांतून नदीचा वारा वाहणार. बापानें मातींत जें सहज घडविलें तें उभें राखण्यासाठीं आंत काँक्रीटचे दोन प्रचंड स्तंभ घालावे लागले, आणि पुतळा वाऱ्यानें डोलूं नये म्हणून अडीचशें टनांचीं दोन वजनें आंत टांगावीं लागलीं. वरचें कांशाचें कवच चीन देशांत ओतून आणलें. हें सर्व एकट्या अनिल सुतारांनीं केलें असें नव्हे. बांधकाम लार्सन अँड टुब्रोचें, आणि गणित करणारे स्थापत्यशास्त्री देशोदेशींचे. परंतु मातीच्या नमुन्याची भाषा आणि काँक्रीटची भाषा या दोन्ही जाणणारा माणूस त्या घोळक्यांत एकच होता, आणि तो शिल्पकाराचा मुलगा होता. बाप तेव्हां त्र्याण्णव वर्षांचा.

पुतळा आम्हांस आवडला कीं नाहीं, असें कोणी विचारील. चेहऱ्यांत माणूस आहे, आणि इतक्या उंचीवर माणूस टिकविणें ही सामान्य गोष्ट नव्हे. तथापि चंबळामातेच्या पंचेचाळीस फुटांत जें आहे तें या १८२ मीटरांत वीस पट झालेलें नाहीं, असें आमचें मत आहे. राम सुतारांच्या हातचा खरा ठेवा पाहावयाचा तर दिल्लीच्या संसदेच्या आवारांतील ध्यानस्थ गांधी पाहावा. असो.

पुतळ्याच्या छातीच्या उंचीवर एक सज्जा आहे. यात्रेकरू तेथें चढतात आणि विंध्य व सातपुडा, धरण आणि धरणामागचें पाणी पाहतात. त्या पाण्यांतच मणिबेली आहे. अक्कलकुवा तालुक्यांतील हें गांव म्हणजे महाराष्ट्रांतून या धरणांत बुडालेलें पहिलें गांव. शूलपाणेश्वराचें प्राचीन देऊळ येथेंच होतें. स्कंदपुराणाच्या रेवाखंडांत शूलभेद तीर्थाचें जें माहात्म्य आहे तें याच परिसराचें मानतात. १९९१ पासून दर पावसाळ्यांत येथील तडवी, वसावे मंडळींनीं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं सत्याग्रह केला. १९९३ च्या मार्चांत जागतिक बँकेचें राहिलेलें कर्ज सरकारनें सोडून दिलें, आणि १९९४ मध्यें मोठ्या धरणांना बँकेनें पैसा देऊं नये अशी मागणी करणारा जो जाहीरनामा निघाला त्यास याच गांवाचें नांव मिळालें. नांव जगभर गेलें आणि गांव पाण्याखालीं. देवासाठीं गुजराथेंत गोरा येथें नवें देऊळ बांधलें. कांहीं कुटुंबें डोंगराच्या अंगास वर सरकून राहिलीं. पुष्कळांस गुजराथेंतील परवेटा येथें नेलें.

डोंगरावर राहिलेल्यांपैकीं एका वृद्ध गृहस्थांशीं आम्ही बराच वेळ बोलत बसलों होतों. त्यांच्याकडे घर बांधणें हा कोणा एका जातीचा धंदा नाहीं. साग निवडावयाचा, खांब रोवावयाचे, कुडाच्या भिंती लिंपावयाच्या, वर कौलें. आणि एकाच्या घरास साऱ्या पाड्यानें हात लावावयाचा. या रीतीस ते 'लाह' म्हणतात. मुलाचें लग्न झालें कीं बापाच्या घरापासून कांहीं अंतरावर त्याचें निराळें घर उभें राहतें, आणि तें बापानें मुलास बरोबर घेऊन उभारावयाचें असतें. एकत्र कुटुंबाचा अभिमान वाहणाऱ्या आम्हांस हें प्रथम चमत्कारिक वाटलें. पण विचार करतां असें दिसतें कीं, बापाची विद्या मुलाच्या हातांत खात्रीनें जावी यासाठीं याहून पक्की योजना नाहीं. आमच्याकडे घर एकदां बांधतात आणि तीन पिढ्या त्यांत भांडतात. त्यांच्याकडे प्रत्येक मुलगा आयुष्यांत एकदां तरी बापाबरोबर घर बांधतो.

त्या गृहस्थांच्या धाकट्या भावाचें घर उतरवून परवेट्यास नेलें होतें. खांब मालमोटारींत गेले, वासे गेले, कौलें अर्धीअधिक फुटलीं. हे म्हणाले, "खांब आमच्या बापानें तासलेले. खांचा त्याच्या हातच्या. पण तिकडे जागा दुसऱ्यानें दोरीनें मोजून दिली, सरळ ओळींत. माझ्या भावाच्या मुलानें खांब रोवले, पण दार कुठल्या अंगाला करायचें तें त्याला कळेना." आम्हीं विचारिलें, मग कोणीकडे केलें? ते हंसले. "रस्त्याकडे."

इमारत उपटून दुसरीकडे लावतां येते काय, हा प्रश्न आणखी एका बापलेकांनीं आयुष्यभर सोडविला, आणि त्यांची गोष्ट येथें सांगितल्यावांचून राहवत नाहीं. जपानांत कानाझावा नांवाचें शहर आहे. तेथील कुतानी घाटाचीं चिनी मातीचीं भांडीं प्रसिद्ध आहेत. तशा भांड्यांच्या भट्टीवाल्याच्या घरीं १९०४ सालीं योशिरो तानिगुचि जन्मले. कुंभाराचा मुलगा वास्तुविद् झाला. मेइजी काळच्या इमारती एकामागून एक पाडल्या जात आहेत हें पाहून त्यांस चैन पडेना. रेल्वे कंपनींत मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका शाळासोबत्यास हाताशीं धरून त्यांनीं १९६५ मध्यें इनुयामा येथें 'मेइजी-मुरा' म्हणजे मेइजी गांव स्थापिलें. पाडावयास निघालेली इमारत सांधा सांधा मोकळा करून तेथें आणावयाची आणि पुन्हां उभी करावयाची, असा हा उद्योग. शाळा, प्रार्थनामंदिरें, फ्रँक लॉइड राइट यांनीं बांधलेल्या तोकियोच्या इंपीरियल हॉटेलचा दर्शनी भागसुद्धां तेथें आहे.

त्यांचे पुत्र योशिओ, जन्म १९३७, बापाच्या कचेरींत कधीं उमेदवारीस बसले नाहींत. प्रथम यंत्रशास्त्र शिकले, मग हार्वर्डला जाऊन वास्तुविद्या, मग केन्झो तांगे यांच्या हाताखालीं आठ वर्षें. बापलेकांनीं मिळून केलेलें काम म्हणून एकच दाखवितात, कानाझावांतील तामागावा ग्रंथालय, १९७८ चें. दुसऱ्याच वर्षीं बाप वारले. तोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारांत मात्र दोघांच्या इमारती हांकेच्या अंतरावर आहेत : बापाचें तोयोकान १९६८ चें, मुलाचें होर्यूजी-निधिगृह १९९९ चें. बापाची इमारत जपानी देवळाच्या लांब छपराची आठवण करून देते. मुलाच्या इमारतींत पाण्याचें तळें, कांच आणि पोलाद, आणि तरी बसण्याची ऐट तीच. न्यू यॉर्कचें आधुनिक कलेचें संग्रहालय २००४ मध्यें वाढविलें तेंही याच मुलानें.

परंतु आमचा जीव त्याच्या आणखी एका कामावर आहे. बापानें १९६२ मध्यें तोकियोच्या ओकुरा हॉटेलचें दिवाणखान्यासारखें प्रवेशदालन रचलें होतें. प्राचीन मण्यांच्या आकाराचे लोंबते दिवे. गोल मेजाभोवतीं पांच खुर्च्या अशा मांडलेल्या कीं वरच्या मजल्यावरून पाहणारास प्लम वृक्षाचीं फुलें उमललेलीं वाटावीं. २०१५ मध्यें तें हॉटेल पाडलें. जगभरांतून लोक हळहळले. नवीन हॉटेल २०१९ मध्यें उघडलें तेव्हां तें दालन पुन्हां जसेंच्या तसें रचण्याचें काम योशिओंनीं केलें, म्हणजे ऐंशींच्या घरांतल्या मुलानें बापाच्या कामाची प्रत काढली! ज्यानें बापाची नक्कल होऊं नये म्हणून तरुणपणीं एवढा लांबचा वळसा घेतला, त्यानें म्हातारपणीं दिव्यांचा एकेक मणी मोजून बापाच्या जागीं टांगला. त्याच वर्षीं कानाझावांत, जेथें बापाचें राहतें घर होतें त्या जागेवर, दोघांच्या नांवानें वास्तुसंग्रहालय उघडलें. तेंही मुलानेंच बांधलें. योशिओ १६ डिसेंबर २०२४ रोजीं वारले.

ओकुराच्या मालकांनीं मुलास बोलाविलें, कारण बापाचें माप त्याच्याजवळ होतें. परवेट्याच्या त्या पुतण्याजवळ आजोबांचे खांब होते, माप नव्हतें. तें बापानें द्यावयाचें, आणि तें देण्याची वेळ यावयाच्या आंतच पाणी आलें. या दोन मुलांत उणेंअधिक हुशारीचें अंतर आम्हांस दिसत नाहीं.

आपल्याकडे परत येऊं. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरील शिवाजी महाराजांचा पुतळा उभारल्यावर नऊ महिन्यांच्या आंतच, २६ ऑगस्ट २०२४ रोजीं कोसळला, आणि साऱ्या महाराष्ट्राची मान खालीं गेली. त्या जागीं नवा पुतळा घडविण्याचें काम सुतार पितापुत्रांच्या कामशाळेकडे आलें. तो साठ फुटी पुतळा २०२५ च्या मे महिन्यांत उभा राहिला. समुद्रावरचा वारा काय करतो हें एकदां दिसून चुकलें होतें, म्हणून या वेळीं पहिला विचार वाऱ्याचा झाला आणि मग तलवारीचा. बापास तेव्हां शंभरावें वर्ष उलटलें होतें. त्या वर्षाच्या डिसेंबरांत नोएडा येथें त्यांचें देहावसान झालें.

मुंबईस दादरच्या इंदू मिलच्या जागेवर डॉ. आंबेडकरांचा साडेतीनशें फुटी पुतळा व्हावयाचा आहे, शंभर फुटी चौथऱ्यावर. त्याचा नमुना राम सुतारांच्या हातचा. ते गेले तेव्हां तें काम अर्ध्यावर होतें. कांहीं भाग ओतून तयार, कांहीं ओतावयाचे, आणि ते चढविण्याचें, सांध्यास सांधा मिळविण्याचें काम पुढेंच. नमुन्यांतील मापें मिळवून घेणारा तो म्हातारा आतां कामशाळेंत नाहीं. दोरीचें एक टोंक अनिल सुतारांच्या हातांत आहे. दुसरें आतां त्यांनीं आपल्या शिष्यांपैकीं कोणाच्या तरी हातीं दिलें असेल.